रुळांकाठच्या इमारती : वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

गेल्या महिन्यात या पानासाठी आम्ही मॉडेल रेल्वेतल्या रुळांकाठच्या इमारतींबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांमध्ये इंजिनांपेक्षा झोपड्या, फलाट, केबिनी आणि तिथे वावरणारी माणसं यांच्याबद्दलच जास्त विचारणा आहे. याचा आम्हाला मनापासून आनंद झाला. खालची मॉडेलची सगळी मापं १:८७ (खऱ्याच्या ८७ व्या भागाएवढ्या) म्हणजे एचओ स्केलची आहेत. १:१६० च्या एन स्केलसाठी त्यांना ०.५४ ने गुणा, १:७६ च्या ओओसाठी १.१४ ने.

प्रश्न : गँगमनची झोपडी किटमधून जोडली, नीट रंगवली आणि रुळाशेजारी ठेवली. हातात घेऊन बघितली तर छान आहे, पण लेआउटवर (मांडलेल्या मॉडेल रेल्वेवर) ती कुणीतरी तिथे विसरून गेल्यासारखी दिसते. काय कमी पडतंय?

उत्तर : तिथे काम करणाऱ्या माणसाची ये-जा कमी पडतेय. झोपडीत बदल करण्याची गरज बहुधा नाही, तिच्या आजूबाजूच्या पंधरा सेंटिमीटरमध्ये काम करायला हवं.

आधी जागा आणि दिशा तपासा. खरी झोपडी साधारण ३ मीटर लांब आणि अडीच मीटर रुंद, म्हणजे मॉडेलमध्ये ३५ × २९ मिमी. भिंत रुळाच्या मध्यरेषेपासून ४५ मिमीच्या आसपास ठेवली की गाडीला अडत नाही आणि नजरेला गुदमरल्यासारखंही होत नाही. दार शक्यतो रुळाच्या बाजूला उघडू देऊ नका. आतून घाईने निघालेला माणूस थेट गाडीपुढे येईल. दार बाजूच्या भिंतीत आणि रुळाकडे छोटी खिडकी, ही रचना पटते. किटचं दार रुळाकडे असेल तर झोपडी ९० अंशांत फिरवा, एवढ्यानेही मोठा फरक पडतो.

मग पायवाट. रोज त्याच चारपाच माणसांचे पाय पडतात त्या जागी गवत उगवत नाही. दारापासून रुळापर्यंत, आणि रुळाच्या कडेने दोन्ही दिशांना, ६ मिमी रुंदीची वाट हवी. गवत लावण्याआधीच वाट आखून घ्या. त्या पट्ट्यावर चाळलेली बारीक माती पातळ पीव्हीए (पांढऱ्या) गोंदाने बसवा, तिच्या कडेला २ मिमीचं स्टॅटिक ग्रास (कृत्रिम तंतूंचं गवत) लावा आणि त्यापलीकडे ४ मिमीचं. गवत आधीच लावून झालं असेल तर पट्टा पाण्याने भिजवा, दहा मिनिटांनी जुन्या टूथब्रशने खरवडा आणि माती टाका. वाटेचा रंग आसपासच्या जमिनीपेक्षा एक छटा फिका ठेवा, कारण तुडवलेली माती कोरडी आणि धुळकट दिसते. वाट सरळ रेषेत आखू नका, माणूस खड्डा आणि खडीचा उतार टाळत चालतो.

वस्तू सर्वांत शेवटी. काढलेल्या जुन्या स्लीपरांचा ढीग हवाच. लाकडी स्लीपर सुमारे २.६ मीटर लांब असतो, म्हणून ३ × १.५ मिमीच्या लाकडी पट्टीचे ३० मिमीचे तुकडे करा. दहाबारा पुरतात. एक थर उभा, एक आडवा असे रचा, आणि रंग काळा न देता करडा द्या, टोकं किंचित फुटलेली दाखवा. रुळाला समांतर, बुटक्या खुंट्यांवर ठेवलेला एक सुटा रूळ चांगला दिसतो. तो तुमच्याच ट्रॅकच्या उरलेल्या तुकड्याचा असावा, जाडी वेगळी असली की लगेच खुपतं. दाराशी टेकवलेलं फावडं, भिंतीलगत बाक, धुराड्याखाली काजळी आणि शेगडीसाठी फोडलेली लाकडं. एवढं पुरे.

इथेच बहुतेकांचं बिघडतं. तयार वस्तूंचं पाकीट आणलं की त्यातली सगळी पिंपं, खोकी आणि बादल्या समान अंतरावर मांडल्या जातात आणि झोपडीभोवती प्रदर्शन भरतं. प्रत्येक वस्तू ठेवताना ती इथे कुणी आणली आणि पुन्हा कधी उचलणार, हे स्वतःला विचारा. उत्तर सुचलं नाही तर ती वस्तू पाकिटात परत जाऊ द्या.

प्रश्न : इमारतीच्या पायाखाली बारीक फट राहते आणि दिवा लावला की तिथून उजेड दिसतो. चिकटवून टाकली तर दुरुस्तीला काढता येत नाही. यावर उपाय?

उत्तर : इमारतीला जमिनीवर ठेवण्याऐवजी जमिनीत बसवा. १.५ मिमी स्टायरीनचा (प्लास्टिकच्या पत्र्याचा) तळ इमारतीच्या बाह्यरेषेएवढा कापून खाली लावा. तळाला आणि भिंतीच्या खालच्या ५ मिमी भागाला स्वयंपाकघरातली पातळ प्लास्टिक फिल्म घट्ट गुंडाळा. लेआउटवर त्या जागी प्लॅस्टरचा किंवा कागदी लगद्याचा ३ मिमी थर द्या आणि ओला असतानाच इमारत त्यात दाबा. पातळी तपासा, बाजूने आलेलं प्लॅस्टर ब्रशने भिंतीपर्यंत ओढा. अर्ध्या तासाने इमारत उचला, फिल्म काढा. अचूक मापाचा खड्डा तयार मिळतो. पूर्ण वाळल्यावर कडेला माती आणि गवत लावताना इमारत पुन्हा फिल्ममध्ये गुंडाळून बसवा, नाहीतर गोंद तिला कायमची धरून ठेवेल. इमारत हलत असेल तर तळात आणि खड्ड्यात एकेक छोटं चुंबक पुरेसं आहे. दोघांची विरुद्ध टोकं समोरासमोर आहेत याची चिकटवण्याआधी खात्री करा.

प्रश्न : मागच्या अंकात एका वाचकांनी सुचवलं होतं की रुळांवर खडी ठोकणारी गँग दाखवली तर दृश्य जिवंत होतं. मी तसं केलं, पण गाडी जवळ आली की तेच दृश्य खोटं वाटतं. त्यांचं चुकतंय की माझं?

उत्तर : सूचना चांगली आहे, फक्त ती गाडी न धावणाऱ्या रुळासाठी आहे. गाडी येताना खरी गँग अवजारं बाजूला करून रुळापासून दूर उभी राहते आणि गाडीकडे बघते. तुमच्या मॉडेलमधली माणसं मात्र प्रत्येक फेरीला इंजिनासमोर वाकून ठोकत राहतात. म्हणून चालू रुळाजवळची माणसं अशा स्थितीत हवीत जी गाडी असताना आणि नसताना, दोन्ही वेळा खरी वाटेल. चारपाच जण खडीच्या उताराच्या बाहेर उभे, कुणी फावड्यावर रेललेला, कुणी खाली बसलेला, आणि पुढे काही अंतरावर हातात झेंडी घेतलेला एक जण, ही मांडणी दोन्ही वेळा चालते. ठोकणारी गँग ठेवायचीच असेल तर तिला बंद केलेल्या सायडिंगवर (बाजूच्या रुळावर) पाठवा आणि सायडिंगच्या तोंडाशी लाल झेंडी रोवा.

फलाटावरही हाच नियम. धावणारा, हात उंचावलेला किंवा पाऊल उचललेला पुतळा दोन मिनिटांत खोटा पडतो. माणूस दहा मिनिटं ज्या स्थितीत राहू शकतो तशीच निवडा: बसलेला, खांबाला टेकलेला, सामानाशेजारी उभा, दोघांतिघांत बोलणारा. आणि माणसं सारख्या अंतरावर विखरू नका. छपराखाली आणि जिन्याच्या तोंडाशी ती गोळा होतात, फलाटाचं दूरचं टोक जवळपास रिकामं असतं. ते रिकामं ठेवायला धीर लागतो, पण गर्दी खरी वाटते ती त्या रिकाम्या जागेमुळेच.

पुतळे पडत असतील तर जाड बैठक कापून टाका, एका पायात ०.५ मिमीचं भोक पाडून ०.४ मिमीची तार सुपरग्लूने बसवा, ४ मिमी बाहेर ठेवा आणि तेवढंच भोक जमिनीत पाडा. उभा माणूस पावणेदोन मीटरचा धरला तर पुतळा २० मिमीचा हवा. रंगवताना आधी करडा प्रायमर द्या. शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा वापरू नका, गडद करडा आणि मळकट दुधी वापरा. डोळे रंगवू नका, या आकारात भुवईची सावलीच पुरते. शेवटी तपकिरी रंगाचा पाण्यासारखा पातळ हात द्या, तो सुरकुत्यांमध्ये उतरतो आणि चेहरा आपोआप उमटतो.

प्रश्न : वळणावरच्या फलाटाला लांब डबे घासतात. छोटी गाडी मात्र नीट जाते. कडा किती मागे घ्यायची?

उत्तर : वळणावर डब्याचा मधला भाग आतल्या बाजूला झुकतो आणि टोकं बाहेर जातात. किती, ते काढता येतं. डब्याखालच्या दोन चाकगाड्यांच्या (बोगींच्या) पिव्होटमधलं, म्हणजे त्या ज्या बिंदूंवर फिरतात त्यांच्यामधलं अंतर घ्या, त्याचा वर्ग करा आणि वळणाच्या त्रिज्येच्या आठपटीने भागा. पिव्होटमधलं अंतर २०० मिमी आणि त्रिज्या ६०० मिमी असेल तर ४०,००० भागिले ४,८०० म्हणजे सुमारे ८.३ मिमी. एवढा डबा आत येतो. टोकांसाठी डब्याच्या पूर्ण लांबीच्या वर्गातून पिव्होट अंतराचा वर्ग वजा करा आणि तसंच भागा. २७० मिमीच्या डब्याला साधारण ६.९ मिमी येतात. सरळ रुळावर कडा मध्यरेषेपासून २० मिमीवर ठेवत असाल तर या वळणाच्या आतल्या बाजूला ती २८–२९ मिमीवर आणि बाहेरच्या बाजूला २७ मिमीवर न्यावी लागेल.

आकडेमोड नको असेल तर पेन्सिल वापरा. तुमच्याकडचा सर्वांत लांब डबा घ्या, त्याच्या बरोबर मध्यावर आणि दोन्ही टोकांना पेन्सिलीची टोकं टेपने लावा, फलाटाच्या जागी पुठ्ठा ठेवा आणि डबा हाताने हळू ढकला. उमटलेल्या सर्वांत बाहेरच्या रेषेपासून दीड मिमी मागे कडा कापा. पायऱ्या असलेलं इंजिनही एकदा फिरवा, कारण कधीकधी डब्याऐवजी तेच आधी घासतं.

दोन गोष्टी बऱ्याचदा राहून जातात. पहिली, रूळ वळायला लागतो त्याच्या जवळजवळ एक डबा आधीच झुकाव सुरू होतो. एक चाकगाडी वळणात शिरते, दुसरी अजून सरळ रुळावर असते आणि डबा तिरका होतो. त्यामुळे कडेचं रुंदीकरण सरळ भागातच, वळणाच्या २७०–३०० मिमी आधी, हळूहळू सुरू करा. दुसरी उंचीची. फलाटाची उंची रुळाच्या माथ्यापासून मोजतात, लाकडी फळीपासून नव्हे. युरोपात ५५० आणि ७६० मिमी या प्रमाण उंची आहेत, म्हणजे ६.३ आणि ८.७ मिमी. कोड १०० (मॉडेलच्या रुळाचा एक प्रकार) रूळ २.५ मिमी उंच, खालचे स्लीपर सुमारे २ मिमी. म्हणून स्लीपरांखालच्या कॉर्कच्या पृष्ठापासून मोजायचं तर त्यात ४.५ मिमी मिळवा. हे न मिळवल्यामुळे फलाट बुटका राहतो आणि डब्याचं दार हवेत उघडतं.

प्रश्न : इमारतीच्या जुन्या मॉडेलचं खोकं मिळालं, त्यावर स्केल लिहिलेलं नाही. इमारत एचओची आहे हे कसं ओळखू?

उत्तर : दार मोजा. खरं दार २ ते २.१ मीटर उंच, म्हणून एचओमध्ये २३–२४ मिमी, ओओमध्ये २६–२८, एनमध्ये १३. दार मुद्दाम भव्य असण्याची शंका असेल तर विटा मोजा. ६५ मिमीची वीट आणि १० मिमीचा सांधा धरला तर दहा थर एचओमध्ये ८.६ मिमी आणि ओओमध्ये ९.९ मिमी भरतात. ओओची इमारत एचओमध्ये वापरायचीच असेल तर मागच्या रांगेत नको, पुढे ठेवा. जवळची वस्तू थोडी मोठी असणं डोळ्यांना मान्य असतं.

प्रश्न : सिग्नल केबिनच्या आतलं काम करावं का? काचेतून दिसतं तरी किती?

उत्तर : केबिनच्या वरच्या मजल्याला तीन बाजूंनी काच असते, त्यामुळे आतला रिकामेपणा इतर कुठल्याही इमारतीपेक्षा इथे जास्त जाणवतो. म्हणून हो, करावं. पण आधी केबिनची लांबी तुमच्या यार्डाशी जुळते का ते बघा. यांत्रिक केबिनमध्ये एकेक लिव्हर १०० ते १५० मिमी जागा घेतो. वीस लिव्हर धरले तर अडीच मीटर, आणि दोन्ही टोकांना माणसाला फिरायला एकेक मीटर. म्हणजे साडेचार मीटर, मॉडेलमध्ये ५२ मिमी. लेआउटवर सांधे (गाडीचा रूळ बदलणारे पॉइंट) चार आणि केबिन शंभर लिव्हरांची, असं जाणत्या माणसाच्या पटकन लक्षात येतं.

लिव्हर ०.५ मिमी तारेचे, फरशीपासून १३ मिमी उंच करा. तार एका पट्टीत भोकं पाडून रांगेने बसवली की रांग सरळ राहते. ब्रिटिश पद्धतीच्या केबिनमध्ये थांब्याच्या सिग्नलचे लिव्हर लाल, डिस्टंटचे (पुढच्या सिग्नलची आधी सूचना देणाऱ्या सिग्नलचे) पिवळे, सांध्यांचे काळे, सांध्यांच्या कुलुपांचे निळे आणि न वापरलेले पांढरे. वरची मूठ चकचकीत पोलादी ठेवा, कारण केबिनमन घामाने गंज चढू नये म्हणून हातात फडकं घेऊन लिव्हर ओढतो. पांढऱ्या रंगाचा एक ठिपका एखाद्या मुठीवर टाकला की ते फडकंही येतं. दोनतीन लिव्हर ओढलेले म्हणजे खोलीकडे झुकलेले दाखवा, आणि बाहेरचे सिग्नल त्यांच्याशी जुळते ठेवा. मागच्या भिंतीला टेबल, नोंदवही, घड्याळ, शेगडी.

आमच्या मते मात्र आतल्या कामापेक्षा महत्त्वाचा भाग केबिनच्या बाहेर आहे. लिव्हर ओढल्यावर जोर पोचतो तो रॉडमधून, आणि रॉड खालच्या मजल्यातून जमिनीलगत बाहेर येतात. ते नसतील तर केबिन कशालाच जोडलेली नाही. खरा रॉड ३२ मिमी जाड, म्हणून ०.४ मिमी तार घ्या. रॉडमध्ये ०.८ मिमी अंतर आणि दर २३ मिमीला आधाराचा रोलर. प्रत्येक सांध्यापाशी एक रॉड वळवून रुळाखाली न्या, म्हणजे केबिनपासून लांब जाताना रॉडांची संख्या कमी होत जाईल. शेवटपर्यंत सगळे रॉड तसेच नेणं ही नेहमीची चूक. सिग्नलच्या तारा या आकारात दिसत नाहीत, त्या सोडून द्या. त्यांच्या कप्पीच्या खुंट्या तेवढ्या १०० मिमीवर लावा. रॉडांचा रंग गंजलेला तपकिरी, रोलरपाशी तेलकट काळा.

प्रश्न : स्टेशनात एलईडी लावला तर भिंतीच उजळतात. प्रखरही फार आहे.

उत्तर : प्लास्टिकची भिंत प्रकाश अडवत नाही. आतून काळ्या रंगाचे दोन हात द्या आणि वाळल्यावर त्यावर पांढरा, म्हणजे भिंत अपारदर्शक होते आणि खोलीत उजेडही पसरतो. हे काम काचा लावण्याआधीचं. कोपऱ्यांत काळ्या कागदाची पट्टी आणि छपराच्या आत चौफेर २ मिमीची काळी झालर लावली की फटी बंद होतात.

प्रखरतेचं कारण प्रवाह. १२ व्होल्टवर पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, ९ उरतात. ४७० ओहमचा रेझिस्टर लावला तर जवळपास १९ मिलिअँपिअर जातात, छोट्या खोलीला ते फार होतं. १.८ किलोओहमला ५ मिलिअँपिअर, ४.७ किलोओहमला सुमारे २. ऑफिसला १.८ किलोओहमचा, झोपडीला ४.७ चा. पाव वॅटचा रेझिस्टर सहज पुरतो. प्रत्येक एलईडीला स्वतंत्र रेझिस्टर लावा. एकाच रेझिस्टरवर चारपाच समांतर जोडले तर ज्याला थोडा कमी व्होल्टेज लागतो तो जास्त प्रवाह खेचतो, बाकीचे मंद पडतात. वीज रुळातून घेऊ नका, वेगळा १२ व्होल्ट अडॅप्टर ठेवा. २ मिलिअँपिअरच्या चाळीस दिव्यांना ८० मिलिअँपिअरच लागतात. रंग उबदार पिवळसर, म्हणजे २७०० ते ३००० केल्व्हिनचा घ्या. कंदिलाचा काळ असेल तर एलईडीवर पारदर्शक नारिंगी रंगाचा एक थेंब लावा.

आणि सगळ्या खिडक्या उजळू नका. रात्री तिकीटघर जागं असतं, स्टेशनमास्तरची खोली जागी असते, गोदाम बंद असतं. आतल्या भिंती काळ्या पुठ्ठ्याने वेगळ्या केल्या तर हे करता येतं.

प्रश्न : स्टायरीनचे दोन थर चिकटवून केलेली मालधक्क्याची भिंत महिन्याभराने फुगली. गोंद जास्त झाला का?

उत्तर : जास्त झालाच असेल, पण मूळ कारण वेगळं आहे. प्लास्टिक विरघळवून जोडणारं द्रावण दोन मोठ्या पत्र्यांमध्ये अडकतं. त्याला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ते आठवडेच्या आठवडे आतून प्लास्टिक मऊ करत राहतं. आतल्या थराला चिकटवण्याआधीच दर २५ मिमीवर ३ मिमीची भोकं पाडा, वाफ तिथून निघून जाते. चारही बाजूंनी बंद असलेल्या पोकळ इमारतीच्या तळालाही एक भोक हवंच. फुगलेली भिंत सपाट होण्याची आशा कमी, ती नवी करा.

पुठ्ठ्याच्या भिंतीचं गणित उलट आहे. एका बाजूला विटांचा छापील कागद चिकटवला की तो वाळताना आकसतो आणि पुठ्ठा त्या बाजूला वाकतो. मागच्या बाजूला तेवढ्याच जाडीचा साधा कागद त्याच वेळी, त्याच गोंदाने लावा, आणि वजनाखाली रात्रभर ठेवा. १०० मिमीपेक्षा लांब भिंतीला आतून ५ × ५ मिमीची लाकडी पट्टी द्या.

प्रश्न : वाफेच्या इंजिनांच्या शेडजवळ पाण्याची टाकी, कोळसा, राखेचा खड्डा, वाळूघर सगळं आहे, पण यार्ड पसरल्यासारखं दिसतं. क्रम काय असावा?

उत्तर : क्रम रेल्वेगणिक बदलतो, त्यामुळे एकच बरोबर उत्तर नाही. पण एक कसोटी कायम चालते: इंजिन शेडकडे येताना ही सगळी कामं एकाच दिशेने पुढे सरकत उरकली पाहिजेत. कामासाठी इंजिनाला वारंवार मागे यावं लागत असेल तर जागा बदला. राखेचा खड्डा आणि इंजिनात पाणी भरायचा खांब जवळजवळ ठेवणं सोयीचं, कारण आग साफ करताना टेंडर (इंजिनामागचा पाणी-कोळशाचा डबा) भरता येतो आणि तापलेली राख विझवायलाही पाणी लागतं.

टाकीचा तळ टेंडरच्या तोंडापेक्षा वर असायलाच हवा, पाणी उतारानेच वाहतं. खांबाची सोंड तुमच्या टेंडरच्या तोंडावर खरोखर पोचते का, ते इंजिन उभं करून बघा आणि मगच खांब रोवा. खांबाखाली पाणी निचऱ्याची जाळी, भोवती ओल्या मातीचा गडद डाग आणि त्यावर थोडं हिरवं शेवाळ. थंड प्रदेशातला लेआउट असेल तर खांबाशेजारी कोळशाची उभी शेगडी ठेवा, पाणी गोठू नये म्हणून ती पेटवत.

राखेचा खड्डा रुळांच्या मध्ये, ७ ते १० मिमी खोल. इथे आडवे स्लीपर येत नाहीत, रूळ खड्ड्याच्या भिंतींवरच बसतात. म्हणून आधी खड्डा बांधा आणि १६.५ मिमीचा गेज (रुळांमधलं अंतर राखायचं साधन) लावून रूळ वरून चिकटवा. सुटे रूळ किंचित जरी सरकले तरी इंजिन तिथेच उतरतं. राख करडी-तपकिरी, तिच्यात काळी ढेकळं. बाजूला ३५ मिमी लांबीचे दोनतीन दांडे म्हणजे आग ढवळायच्या सळया टेकवा. राख भरून न्यायला एक वाघीण (मालडबा) लागते, ती विसरू नका. राख कुठेतरी जायला हवी.

वाळूघराला धुराडं हवं. चाकं घसरू नयेत म्हणून रुळावर सोडायची वाळू कोरडी असावी लागते, ओली वाळू नळीत अडकते. त्यामुळे आत वाळू भाजायची भट्टी असते. बाहेरच्या हौदातली वाळू गडद, आतली फिकी रंगवा. कोळशासाठी खरा कोळसा कुटून १ ते १.५ मिमी आकाराचा चाळून घ्या, रंगवलेल्या खड्यांना ती चकाकी येत नाही.

प्रश्न : फाटकावरून जाताना काही डबे उडतात, इंजिन कधीकधी थांबतं.

उत्तर : दोन्हींची कारणं वेगळी असू शकतात, म्हणून लक्षणावरून शोधा. टक् असा आवाज येऊन डबा उचलला गेला तर रुळांमधला रस्ता उंच आहे आणि कपलिंगची लोंबती पिन त्याला लागतेय. मधला भाग रुळाच्या माथ्यापेक्षा ०.४ मिमी खाली हवा. फाटकात शिरतानाच चाक चढलं तर चाकाच्या कडेसाठी ठेवलेली खाच अरुंद आहे. तिला सुमारे १.३ मिमी रुंदी लागते आणि दोन्ही टोकांना ती तिरकी उघडावी लागते. प्लॅस्टर ओतण्याआधी रुळाच्या आतून १.३ मिमीची पट्टी टेकवून ठेवा आणि प्लॅस्टर अर्धवट घट्ट असताना ती ओढून काढा, खाच सरळ येते. इंजिन थांबत असेल तर रुळाच्या माथ्यावर प्लॅस्टरचा पातळ थर आहे, तो बोटाला जाणवतो पण डोळ्यांना दिसत नाही. घासून काढा. रुळांमध्ये धातूची पट्टी रस्ता म्हणून बसवू नका, एखादं चाक तिला आणि रुळाला एकदम टेकलं तर शॉर्ट होईल.

फाटकवाल्याची झोपडी त्याला दोन्ही दिशांची गाडी दिसेल अशी ठेवा. झेंड्या, कंदील आणि फाटक फिरवायचं चाक दारापासून दोन पावलांवर.

प्रश्न : तारेचे (टेलिग्राफचे) खांब किती अंतरावर लावावेत? तारा ओढाव्यात का?

उत्तर : प्रत्यक्षात ४० ते ६० मीटर, म्हणजे ४६० ते ६९० मिमी. लहान लेआउटवर एवढं अंतर ठेवलं तर तीनच खांब मावतात, म्हणून २५०–३०० मिमी घ्या आणि वळणावर थोडं कमी. उंची ८०–९० मिमी. तारा ओढायच्या तर ताणला जाणारा लवचीक बारीक धागा घ्या, साधा दोरा हाताच्या एका धक्क्याने खांब मोडतो. रोज रूळ पुसावे लागत असतील तर तारा नकोतच.

प्रश्न : शाई आणि अल्कोहोलचा पातळ हात दिल्यावर विटांवर पांढरट धुकं आलं. पुन्हा रंगवावं लागेल का?

उत्तर : नाही. आधी मारलेल्या मॅट वार्निशवर अल्कोहोल पडलं की असं होतं. पूर्ण वाळू द्या आणि त्याच वार्निशचा एक हलका फवारा मारा, धुकं बहुतेक वेळा निघून जातं. पुढच्या वेळी अल्कोहोलचा हात वार्निशच्या आधी द्या, किंवा वार्निश झालं असेल तर पाण्यातला रंग वापरा. काचा बसवल्या असतील तर फवाऱ्याआधी त्या झाका. आणि काचांना सुपरग्लू लावू नका, त्याच्या वाफेनेही असाच पांढरा थर येतो आणि तो मात्र सहज जात नाही. काचांसाठी पीव्हीएच बरा.